ट्रायने आमची तक्रार परत पाठवली. मग हे प्राधिकरण नेमके करते काय?

कोलशेतचा सचिव यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. घोडबंदर रस्त्याच्या अलीकडे, कोलशेतच्या बाजूला असलेल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी मानद सचिव आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या संस्थेवर एकामागून एक तीन प्रसंग ओढवले आणि तिन्हींची तक्रार मी एकाच पत्रात, मोठ्या विश्वासाने, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे म्हणजे ट्रायकडे पाठवली.

रस्त्याच्या खोदकामात तार तुटल्यामुळे इमारतीतील ब्रॉडबँड ११ दिवस बंद राहिले. कंपनीने दररोज ‘उद्या होईल’ असे सांगितले आणि महिनाअखेरीस त्या ११ दिवसांसह पूर्ण भाडे आकारले. दुसरा प्रसंग केबलच्या बिलाचा. अनेक घरांच्या बिलांत कोणीही न मागितलेल्या वाहिन्यांचा एक पॅक आपोआप येऊन बसला. तिसरा प्रसंग मात्र पैशांचा नाही आणि म्हणूनच तो अधिक बोचतो. शेजारच्या संकुलात घडलेल्या एका दुर्घटनेची बातमी देताना एका वृत्तवाहिनीने दिवसभर आमच्या इमारतीचे प्रवेशद्वार नामफलकासह दाखवले. गावाकडून सभासदांना रडत रडत फोन येत होते. वाहिनीला त्याच संध्याकाळी ईमेल पाठवला. आजतागायत उत्तर नाही.

ट्रायकडून आलेल्या उत्तराचा सारांश असा, की प्राधिकरण वैयक्तिक तक्रारींचे निवारण करत नाही, त्यासाठी सेवापुरवठादाराच्या यंत्रणेकडे जावे, आणि वाहिनीने काय दाखवले हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही. उत्तर सभ्य होते, परंतु संस्थेच्या सभेत ते वाचून दाखवताना मला ओशाळल्यासारखे झाले. नावात ‘नियामक’ आहे, मोबाइलपासून दूरचित्रवाणीपर्यंत सर्वत्र त्याचे नाव ऐकू येते, आणि ग्राहकाने दार वाजवले की सांगतात, हे दार तुमचे नाही. मग हे प्राधिकरण नेमके कोणासाठी आहे? आमचे एक सभासद काही वर्षे इंग्लंडमध्ये होते. तेथे दूरध्वनी, इंटरनेट आणि दूरचित्रवाणी या सर्वांवर एकच संस्था देखरेख ठेवते, असे ते सांगतात. आपल्याकडे तशी संस्था नाही का? नसल्यास का नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त अभियंता, नेरूळ यांचा प्रतिसाद

सचिव महोदय, माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, त्यामुळे ट्रायच्या जन्माआधीचा काळही मी आतून पाहिला आहे. त्या काळी दूरसंचार विभाग स्वतःच धोरण ठरवी, स्वतःच परवाने देई, स्वतःच सेवा पुरवी आणि तक्रार आली की तिचा निवाडाही स्वतःच करी. खासगी कंपन्या मैदानात उतरल्यावर ही व्यवस्था टिकणे शक्य नव्हते, कारण खेळाडू आणि पंच एकच असतील तर दुसरा संघ खेळायला येणार नाही. म्हणून १९९७ मध्ये कायदा झाला आणि ट्रायची स्थापना झाली.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. सुरुवातीला ट्रायकडे नियम करण्याचे आणि तंटे सोडवण्याचे, असे दोन्ही अधिकार होते. पुढे मोबाइल सेवेत एमटीएनएल या सरकारी कंपनीच्या प्रवेशावरून प्राधिकरण आणि सरकार यांच्यात वाद झाला, तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि परवाना देणाऱ्या सरकारला आदेश देण्याचा अधिकार ट्रायला नाही, असा निर्णय १९९८ मध्ये आला. त्यानंतर २००० साली कायद्यात दुरुस्ती करून ट्रायचे दोन तुकडे करण्यात आले. नियम करण्याचे काम ट्रायकडे राहिले आणि तंट्यांचा निवाडा टीडीसॅट या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे गेला. तुम्हाला आलेले उत्तर हे एखाद्या कारकुनाच्या आळसाचे फळ नसून त्या दुरुस्तीचा थेट परिणाम आहे. आपली अवस्था मात्र ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी होते, हे खरे.

ट्राय काय करते, हे समजण्यासाठी त्याच्या अधिकारांचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. परवाने, स्पेक्ट्रम म्हणजे रेडिओलहरींचे पट्टे, नव्या सेवांची सुरुवात अशा बाबतींत ते सरकारला केवळ शिफारस करते; ती मागवणे सरकारला अनेक बाबतींत भाग असले तरी स्वीकारणे बंधनकारक नाही. दर, कंपन्यांचे परस्परांशी जोडले जाणे आणि सेवेचा दर्जा या तीन बाबतींत मात्र ट्रायचा शब्द कंपन्यांवर बंधनकारक असतो. ज्यांनी १९९५ नंतरचे पहिले मोबाइल वापरले, त्यांना आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत असत हे आठवत असेल; आपण क्रमांक पाहून फोन कापत असू आणि शेजारच्या पीसीओतून उलट फोन करत असू. २००३ मध्ये फोन करणाऱ्यानेच पैसे द्यायचे ही पद्धत लागू झाली आणि येणारे फोन फुकट झाले. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात संपला की पहिलीने दुसरीला द्यावयाचे शुल्क २०१७ मध्ये मिनिटाला ६ पैशांवर आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्यावर आले. यांतील एकाही निर्णयासाठी कोणी ट्रायकडे वैयक्तिक तक्रार करून न्याय मिळवलेला नाही, तरी प्रत्येकाच्या खिशावर त्यांचा परिणाम झाला आहे.

तुमच्या ११ दिवसांबद्दलही नियम तयार आहे. सेवेच्या दर्जाविषयीचे नवे विनियम ऑगस्ट २०२४ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाले. घरगुती जोडणीतील बिघाड ३ दिवसांच्या आत दुरुस्त झाला नाही, तर ग्राहकाला भाड्यात सूट द्यावी लागते. ही सूट मागण्यासाठी ट्रायकडे जावे लागत नाही. कंपनीकडे त्या विनियमाचा उल्लेख करून मागावी लागते. अर्थात, न मागता ती देणारी कंपनी मला अद्याप भेटायची आहे.

जाता जाता एक सूचना. ‘ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल’ असे सांगणारा फोन कोणाला आला, तर तो खुशाल ठेवून द्यावा. ट्राय कोणाचा क्रमांक बंद करण्यासाठी फोन करत नाही. तुमची तक्रार जी संस्था हाती घेत नाही, ती तुमचा मोबाइल बंद करायला स्वतःहून कशाला येईल?

खारघर सेक्टर १२ यांचा प्रतिसाद

अभियंता महोदयांना एक उपप्रश्न. २४ तासांपेक्षा अधिक काळ मोबाइलचे जाळे बंद राहिल्यास भरपाई मिळते, असे याच नव्या विनियमांविषयी वाचले होते. आमच्याकडे एका वादळी रात्रीनंतर दीड दिवस एकाही खोलीत रेंज नव्हती. कंपनीच्या केंद्रात विचारले, तर ‘असा काही नियम नाही’ असे सांगण्यात आले.

निवृत्त अभियंता, नेरूळ यांचा प्रतिसाद

नियम आहे, परंतु तो तुमच्या खोलीसाठी किंवा तुमच्या सेक्टरसाठी नाही. तो जिल्हा हा घटक धरतो. जिल्ह्याच्या पातळीवर सेवा २४ तासांहून अधिक काळ बंद राहिली, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात प्रमाणशीर सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वैधतेत वाढ द्यावी लागते. एका मनोऱ्याची वीज गेली आणि चार सेक्टर अंधारात गेले, तर तो प्रकार या व्याख्येत बसत नाही.

आपल्या भागात यातून एक गंमत होते. बोलताना आपण सगळे नवी मुंबईकर. परंतु वाशी, नेरूळ, ऐरोली ही ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कामोठे, पनवेल ही रायगड जिल्ह्यात. शिवाय दूरसंचाराच्या नकाशावर नवी मुंबई आणि कल्याण ही मुंबई परिमंडळात, म्हणजे मुंबईच्या सेवाक्षेत्रात, मोडतात, महाराष्ट्र परिमंडळात नव्हे. सरकारी नकाशे एकमेकांवर ठेवून पाहिले, तर एकाच खाडीकाठचे लोक तीन वेगवेगळ्या हिशेबांत सापडतात. जिल्ह्याऐवजी महानगरपालिका किंवा एक्स्चेंजचे क्षेत्र हा घटक असावा, असे माझे मत आहे, आणि ते मांडण्याची अधिकृत जागा ट्राय हीच आहे. त्याविषयी वकीलसाहेब लिहितील तर बरे.

वकील, नौपाडा यांचा प्रतिसाद

अभियंता महोदयांनी पाया घातलाच आहे, म्हणून मी थेट उपायाकडे येतो.

सचिव महोदय, ब्रॉडबँडची तक्रार कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून तिचा क्रमांक घेतला होता का? कागदोपत्री सगळे त्या क्रमांकावर उभे असते. ट्रायच्या २०१२ च्या विनियमांनुसार प्रत्येक कंपनीला दोन पायऱ्यांची यंत्रणा ठेवावी लागते. तक्रार केंद्राने दाद दिली नाही, तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्यास शुल्क नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय देणे बंधनकारक आहे. कंपनीचाच अधिकारी कंपनीविरुद्ध काय निर्णय देणार, ही शंका रास्त आहे. तरीही ही पायरी गाळू नये, कारण तेथे झालेला पत्रव्यवहार पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. दूरध्वनीच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, असा एक समज २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे रूढ झाला होता आणि कंपन्यांचे वकील तो वर्षानुवर्षे पुढे करत राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा संभ्रम दूर केला. दूरसंचार ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवाच आहे आणि ग्राहकाला आयोगाकडे जाता येते, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार दाखल करता येते, म्हणजे कंपनीचे मुख्यालय कोठेही असले तरी तुम्हाला ठाण्याबाहेर जावे लागणार नाही. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही (हे मी स्वतः वकील असून सांगतो आहे), आणि मुदत २ वर्षांची आहे. करार प्रत्येक सदनिकाधारकाचा स्वतंत्र असल्यामुळे तक्रारदार संस्था नसून सभासद असतील. सगळ्यांची तक्रार एकसारखी असल्यास आयोगाच्या परवानगीने काहींनी सर्वांच्या वतीने एकत्र तक्रार करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

टीडीसॅटचा उल्लेख आला म्हणून सांगतो. कायद्याची रचना अशी आहे, की एकट्या ग्राहकाची ग्राहक आयोगात चालू शकणारी तक्रार टीडीसॅटपुढे चालत नाही; ग्राहकांच्या समूहाचा कंपनीशी असलेला वाद मात्र चालतो. कागदावर तुमचा समूह तेथे जाऊ शकतो. ११ दिवसांच्या भाड्यासाठी दिल्लीच्या न्यायाधिकरणात जाणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल, एवढेच.

नियामकाच्या मर्यादा समजून घेण्यासाठी कॉल ड्रॉपचे प्रकरण अवश्य पाहावे. बोलता बोलता फोन तुटण्याचे प्रकार २०१५ मध्ये इतके वाढले, की त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रायने विनियम काढून प्रत्येक तुटलेल्या फोनामागे १ रुपया, दिवसाला अधिकाधिक ३ रुपये, ग्राहकाच्या खात्यात जमा करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. १ जानेवारी २०१६ पासून ते लागू व्हायचे होते. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो विनियम रद्द केला. कारण विचार करण्यासारखे होते. ट्रायच्याच दर्जाविषयक विनियमांत २ टक्क्यांपर्यंत फोन तुटणे मान्य होते. मग त्या मर्यादेत राहणाऱ्या कंपनीलाही दंड का, आणि फोन ग्राहकाच्या बाजूच्या कारणाने तुटला असेल तरी भरपाई कंपनीनेच का द्यायची, याचे समाधानकारक उत्तर विनियमात नव्हते. हेतू चांगला असला तरी नियमाची बांधणी पक्की हवी, नाहीतर तो पहिल्याच पावसात वाहून जातो. ग्राहक म्हणून मला तो निकाल कडू वाटला; वकील म्हणून त्यात चूक काढता आली नाही.

आता अभियंता महोदयांनी माझ्यावर सोपवलेला मुद्दा. ट्राय तुमची तक्रार ऐकत नाही. तुमची सूचना ऐकणे मात्र त्याला कायद्याने भाग आहे. कामकाज पारदर्शक ठेवण्याचे बंधन कायद्याच्या ११ व्या कलमातच घातले आहे, आणि त्यामुळे मोठा निर्णय घेण्यापूर्वी विचारविनिमयाचा मसुदा प्रसिद्ध होतो, लेखी मते मागवली जातात, इतरांच्या मतांवर प्रतिमते देण्यासाठी वेळ मिळतो आणि पुष्कळदा खुली चर्चाही होते. इंटरनेटवरील सेवांना समान वागणूक द्यावी की नाही, या विषयावर २०१५ मध्ये ट्रायने मते मागवली, तेव्हा १० लाखांहून अधिक ईमेल गेले. पुढे ८ फेब्रुवारी २०१६ रोजी, काही संकेतस्थळे फुकट आणि बाकीची विकत, अशा भेदभावाच्या दरांना मनाई करणारा विनियम निघाला. बलाढ्य परदेशी कंपनीची योजना त्यामुळे बंद पडली. तुमच्या संस्थेने एका सभेत ठराव करून ‘भरपाईसाठी जिल्हा हा घटक फार मोठा आहे’ एवढे दोन पानी निवेदन पुढील मसुद्याच्या वेळी पाठवले, तर ते अभिलेखात जाईल. कंपन्या प्रत्येक मसुद्यावर शेकडो पाने पाठवतात; गृहनिर्माण संस्थांची पाने मला तेथे क्वचितच दिसली आहेत.

केबलचालक, कळवा यांचा प्रतिसाद

बाकीचे विषय माझ्या आवाक्याबाहेरचे आहेत, पॅकपुरते सांगतो. ९ जानेवारी २००४ च्या अधिसूचनेने प्रसारण आणि केबल सेवा ट्रायच्या कक्षेत आल्या. सध्याची पद्धत २०१७ च्या आदेशांतून आली आणि प्रत्यक्षात २०१९ च्या सुरुवातीला घरोघरी पोहोचली. तेव्हा १०० वाहिन्यांपर्यंत जाळ्याचे शुल्क, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याचे भाडे, दरमहा १३० रुपये अधिक कर असे होते आणि त्यावर ग्राहकाने निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांचे पैसे. पुढच्या बदलांत त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या आल्या, आणि २०२४ मध्ये या शुल्कावरील मर्यादा ट्रायने काढून टाकली.

ग्राहकाच्या संमतीशिवाय वाहिनी किंवा पॅक लावून पैसे घेता येत नाहीत, हे अगदी खरे आहे. माझी विनंती एवढीच आहे, की लोकांनी दारात आलेल्या मुलावर राग काढू नये. पॅक आमच्या हातून बसत नाही, वरच्या मोठ्या वितरकाच्या संगणकातून बसतो. जाळ्याच्या शुल्काची लेखी करारात वेगळी वाटणी नसेल तर वितरकाला ५५ आणि आम्हाला ४५ टक्के, असे प्रमाण ट्रायनेच घालून दिले आहे. वाहिनीच्या किमतीत आमचा वाटा नगण्य असतो. वितरकाच्या ग्राहक केंद्राला फोन करून तक्रार क्रमांक घ्या, पॅक काढायला सांगा आणि आधीचे पैसे वळते करून मागा. माझ्या अनुभवाप्रमाणे, लेखी मागितले की ते मिळतात.

वाशीची उपसंपादक यांचा प्रतिसाद

मी एका दैनिकात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून सचिव महोदयांच्या तिसऱ्या प्रसंगावर आणि ‘आपल्याकडे एकच संस्था का नाही’ या प्रश्नावर लिहिते. माझ्या मते सर्वांत अवघड गुंता येथे आहे.

एकच संस्था असावी, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ सुचवलेच होते. १९९३ च्या हीरो चषक क्रिकेट सामन्यांच्या प्रसारणावरून झालेल्या वादाचा निकाल फेब्रुवारी १९९५ मध्ये लागला. न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते, जे पुढे वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्षही झाले. प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची किंवा कोणाही खासगी व्यक्तीची मक्तेदारी नसावी, आणि तिच्या वापरावर स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरणाचे नियंत्रण असावे, असे त्या निकालाने सांगितले. त्यानंतर १९९७ मध्ये प्रसारण विधेयक आले; ते संमत झाले नाही. २००१ मध्ये दूरसंचार, प्रसारण आणि माहिती तंत्रज्ञान यांना एकत्र आणणारे संचार अभिसरण विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि त्यात एकाच आयोगाची कल्पना होती, तेही बारगळले. २००४ मध्ये ट्रायकडे प्रसारण सोपवले गेले, परंतु त्यातील आर्थिक बाजू तेवढी. वाहिनीची किंमत किती, ती कोणी कोणाला कोणत्या अटींवर द्यायची, हे ट्राय ठरवते. वाहिनीवर काय दिसावे, हे १९९५ च्या केबल कायद्याखाली माहिती व प्रसारण मंत्रालयाकडेच राहिले.

त्यामुळे आजचा नकाशा असा आहे. छापील वृत्तपत्राविषयी तक्रार असेल तर वृत्तपत्र परिषद, जी फक्त ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. वृत्तवाहिनी असेल तर आधी वाहिनी, मग वाहिन्यांनीच स्थापन केलेली स्वनियमन संस्था आणि शेवटी मंत्रालयाची समिती. ही तीन पायऱ्यांची रचना जून २०२१ मध्ये केबलच्या नियमांत दुरुस्ती करून आणली गेली. मनोरंजन वाहिन्यांसाठी वेगळी स्वनियमन परिषद आहे. जाहिरातींसाठी मुंबईत १९८५ पासून काम करणारी जाहिरात मानक परिषद आहे. सामान्य माणसाने पोस्टाचा पत्ता शोधता शोधताच तक्रारीची मुदत संपते.

सचिव महोदय, वाहिनीला पाठवलेला तो ईमेल जपून ठेवा, कारण तीच तुमची पहिली पायरी आहे, आणि प्रसारणाच्याच संध्याकाळी तो पाठवलात हे फार बरे झाले. नियमांप्रमाणे वाहिनीने १५ दिवसांत निर्णय कळवायला हवा होता. ती वाहिनी न्यूज ब्रॉडकास्टर्स अँड डिजिटल असोसिएशनची सभासद असल्यास त्यांच्या मानक प्राधिकरणाकडे, अन्यथा ती ज्या स्वनियमन संस्थेची सभासद असेल तिच्याकडे, उशिराचे कारण नमूद करून जावे. मागणी मोजकी ठेवा: चूक मान्य करणारे निवेदन त्याच वेळेला पडद्यावर दाखवणे आणि संकेतस्थळावरील चित्रफीत काढून टाकणे. दंडाच्या मागे लागू नका. तो एका लाखाच्या आसपास असतो आणि ही रक्कम अपुरी असल्याची टिप्पणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये केली आहे.

आता इंग्लंड. तेथील ऑफकॉमने डिसेंबर २००३ मध्ये पाच जुन्या नियामकांची जागा घेतली. दूरध्वनी, रेडिओ, दूरचित्रवाणी, रेडिओलहरी, पुढे टपालही तिच्याकडे आले, आणि २०१७ पासून बीबीसीच्या कार्यक्रमांवरील तक्रारीही. एका तक्रारीसाठी एक दार, ही सोय हेवा वाटावा अशीच आहे. तरीही आपल्याकडे तसेच असावे, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दर ठरवणारा नियामक चुकला तर माझे चार पैसे जातात. आशय ठरवणारा नियामक चुकला तर मला काय कळावे आणि काय कळू नये, हे तो ठरवतो. ट्रायच्या अध्यक्षाची आणि सदस्यांची नियुक्ती केंद्र सरकार करते, कार्यकाळ ३ वर्षे किंवा वयाच्या ६५ वर्षांपर्यंत. निवृत्त अध्यक्षाने सरकारी पद स्वीकारण्यावर असलेली बंदी २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून सैल करण्यात आली, कारण एका माजी अध्यक्षांना पंतप्रधान कार्यालयात घ्यायचे होते. अशा रचनेच्या हाती बातमीची कात्री द्यावी का? आणीबाणीत वृत्तपत्र परिषदच बरखास्त झाली होती आणि १९७८ च्या कायद्याने ती पुन्हा उभी करावी लागली, हे आमच्या पिढीला विसरता येत नाही. दारे अनेक असण्याचा त्रास मी रोज पाहिला आहे. परंतु एकाच दाराची किल्ली कोणाच्या कमरेला असेल, हे आधी ठरावे.

वकील, नौपाडा यांचा प्रतिसाद

उपसंपादकबाईंशी बहुतांशी सहमत. एक मतभेद नोंदवतो. आशयाचा अधिकार आज कोणाकडेच नाही असे नसून तो थेट मंत्रालयाकडे आहे. त्यामुळे तुलना ‘नियामक की स्वातंत्र्य’ अशी न करता ‘नियामक की मंत्री’ अशी करावी लागेल. निदान नियामकाला मसुदा प्रसिद्ध करून मते मागवावी लागतात आणि कारणे द्यावी लागतात.

वाशीची उपसंपादक यांचा प्रतिसाद

मुद्दा मान्य आहे. नियुक्ती विरोधी पक्षनेत्याचा समावेश असलेल्या समितीने केली आणि कार्यकाळ सरकारच्या मर्जीवर राहिला नाही, तर माझा आक्षेप निम्मा होईल. उरलेला निम्मा मी स्वतःकडे ठेवते.

कोलशेतचा सचिव यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकाच पत्रात तीन दारांच्या तक्रारी कोंबून मी चौथ्याच दारात टाकल्या होत्या, हे आता लक्षात आले.

काल संध्याकाळी व्यवस्थापक समितीची बैठक घेतली. ब्रॉडबँडचे तक्रार क्रमांक २३ सभासदांकडे निघाले. बाकीच्यांनी फक्त फोन केले होते आणि काहीच लिहून घेतले नव्हते. त्या २३ जणांची अपिले या आठवड्यात अपिलीय अधिकाऱ्याकडे जातील. केबलच्या वितरकाने आज सकाळी फोनवर पॅक काढल्याचे सांगितले, पैशांविषयी मात्र ‘वरून मंजुरी यावी लागते’ असे उत्तर दिले. कळव्याच्या महोदयांच्या सल्ल्याप्रमाणे ते लेखी मागितले आहे. वृत्तवाहिनीच्या तक्रारीचा मसुदा आमच्या एका निवृत्त शिक्षिका लिहीत आहेत, आणि त्यातील विशेषणे काढून टाकण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

अभियंता महोदयांना एक शेवटची विचारणा. बैठकीत दोन सभासदांनी, इमारतीत रेंजच नसते, त्यासाठी काय करणार, असे विचारले. गच्चीवर मनोरा उभारण्याचा प्रस्ताव दोन वर्षांपूर्वी किरणोत्सर्गाच्या भीतीने याच दोघांनी हाणून पाडला होता, हे इतिवृत्तात आहे.

निवृत्त अभियंता, नेरूळ यांचा प्रतिसाद

इतिवृत्त वाचून दाखवा. त्यासोबत हेही सांगा, की मनोऱ्यांच्या प्रारणाची मर्यादा सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, आणि ती ट्रायने नव्हे तर दूरसंचार विभागाने ठरवलेली आहे. मोजणी करून हवी असल्यास अर्ज त्या विभागाकडे करावा लागतो. इमारतीच्या आतल्या जोडणीसाठी ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये डिजिटल जोडणीनुसार इमारतींना तारांकन देण्याचे विनियम काढले आहेत. ते ऐच्छिक आहे आणि अर्ज इमारतीच्या व्यवस्थापनाने करायचा असतो, म्हणजे तुमच्याच समितीने.